नजरेचं माप

"मला अस्सा चष्मा हवाय," असं म्हणत त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला. तिने एकदाच वाकून पाहिलं आणि सांगून टाकलं, "फ्रेम मिळेल. पण ह्याच्यासारखी दिसणार नाही."

"का? माझं तोंड एवढं वाईट आहे?"

"तोंडाबद्दल मी काही बोलले का? ह्या चष्म्याला काचाच नाहीत, एवढंच म्हणतेय."

मोबाइलवर एका सिनेमातलं थांबवलेलं दृश्य होतं. ज्याला सगळे कौतुकाने 'राजबिंडा' म्हणतात तो नट त्यात प्राध्यापक झाला होता आणि खिडकीपाशी उभा राहून गहन विचार करत होता. तिने पेनाच्या टोकाने दाखवलं. "मागून एवढं ऊन येतंय, काचेवर कुठे चमक दिसते? आणि ही गालाची कड बघा. नंबरची काच असती तर काचेमागे ती आत सरकलेली दिसली असती. इथे सरळ रेघ. नुसती फ्रेम नाकावर ठेवून साहेब विद्वान झालेत."

दुसरा एखादा हिरमुसला असता. ह्याने मोबाइल उचलला, चित्र मोठं केलं, नटाचं कपाळ तिच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "मग आता माझंही ऐका. हे केसही त्याचे नाहीत. आधीच्या प्रसंगात भुवईपासून केसांपर्यंत चार बोटं अंतर आहे, इथे साडेतीन. माणसाचं कपाळ कधी आखडत नाही. टोप पुढे सरकलाय."

"तुम्ही कोण?"

"समोरच्या सलूनमधली तिसरी खुर्ची. सोमवारपासून."

आता मात्र तिला हसू आवरेना. रस्ता ओलांडून आलेल्या ह्या माणसाच्या बाहीवर कुणाचे तरी बारीक केस चिकटले होते आणि डोळे सारखे बारीक होत होते, म्हणजे नंबर नक्की होता. "एवढ्या चुका दिसतात, तर आवडतो कशाला मग तो तुम्हाला?"

"आवडतो म्हणजे? त्याचा एक सिनेमा सोडला नाही मी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "अहो, दुसऱ्याचे केस आणि बिनकाचेचा चष्मा... आणि तरी अख्खं थिएटर रडवतो! ह्याला म्हणतात नट."

तिला हेच तर कुणाकडून तरी ऐकायचं होतं. नऊ वर्षं ती ह्या दुकानात डोळे तपासत होती आणि त्याहून कितीतरी जास्त वर्षं सिनेमे बघत होती. सिनेमातला चष्मा दिसला की तिचं लक्ष आधी काचेवर जायचं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा. हा माणूस मात्र चूक दाखवत होता आणि त्याच दमात त्या नटावर जीव ओवाळून टाकत होता.

नंबर निघाला अडीच. मग बुबुळांमधलं अंतर मोजायचं राहिलं, काचांचे मध्य त्यावरच बसवतात. तिने त्याच्या नाकावर पट्टी टेकवली आणि म्हणाली, "समोर भिंतीवर सगळ्यांत मोठं अक्षर आहे, त्याच्याकडे बघा. हलायचं नाही."

तो हलला नाही. पण बघत होता तिच्याकडे. वीत-दीड वीत अंतरावरून, अगदी सरळ. हे काही तिला कळलं नाही असं नाही. 'भिंतीकडे बघा' असं पुन्हा म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं... आणि का कोण जाणे, मिटलं. कान गरम झाले होते. घाईघाईने तिने कार्डावर आकडा लिहिला, खाली सही केली, आणि बुधवारी या म्हणून सांगितलं.

तो मंगळवारीच आला. चष्म्यासाठी नव्हे, म्हणाला, एक प्रश्न सुचला म्हणून.

त्यानंतर प्रश्न रोजच सुचायला लागले. दुपारी दीड ते दोन दोघांचीही जेवणाची सुट्टी. सलून आणि चष्म्याचं दुकान ह्यांच्यामधल्या रस्त्यालगत एक लांब बाक होता, त्याच्या एका टोकाला ती डबा उघडायची, दुसऱ्या टोकाला तो. आठवड्याभरात दोन टोकांमधलं अंतर एका डब्याएवढं उरलं. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या दिवशी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. मी डॉक्टर नाही म्हणून तिने चार वेळा बजावलं आणि पाचव्यांदा नाद सोडला. ती त्याला 'तिसरी खुर्ची'च म्हणत राहिली.

तिचा जीव की प्राण होता एक नट, सगळे त्याला 'कारकून' म्हणायचे. खरं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर बारीक अक्षरांत यायचं, ते कोण वाचतो? चाळीसेक सिनेमांत त्याने कारकुनीच केली होती. पोस्टातली, कोर्टातली, गोदीतली, एका सिनेमात तर थेट स्वर्गाच्या दारावरची. "त्याचा चष्मा खरा आहे," ती अभिमानाने सांगायची, जणू तिनेच बनवून दिला होता. "पाच नंबर तरी असेल. घंटाघराच्या सिनेमात तो चष्मा काढून पत्र वाचतो, आठवतं? कागद बरोब्बर वीतभर अंतरावर धरतो. पाच नंबरवाल्याला तेवढ्यावरूनच स्वच्छ दिसतं. हे कुणी शिकवलेलं नाही. तो खरंच वाचत होता ते पत्र."

त्याचं दैवत होतं 'बाईसाहेब'. एका सिनेमात ती नटी आरशासमोर बसून स्वतःचे लांबसडक केस कापते. सलग, कॅमेरा एकदाही न हलता. "मी नऊ वर्षांचा होतो," तो सांगायचा. "आईबरोबर गेलो होतो. कात्री दोनदा अडली. टोपात कात्री अडत नाही, सरसर जाते. खऱ्या केसांत, आणि तीसुद्धा बोथट असली तरच अडते. दुसऱ्यांदा अडली तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं बघ... ते दुखल्याचं होतं. आणि तिने ते त्या प्रसंगात वापरून टाकलं! त्या दिवशी मी आईला म्हटलं, मी मोठा झालो की हिला धारदार कात्री नेऊन देणार."

"दिलीस?"

"अजून गाठ पडायचीय. तोवर बाकीच्यांवर हात बसवतोय."

हळूहळू त्यांचा एक कायदा तयार झाला. वादात ज्याची माहिती चुकेल, त्याने दुसऱ्याच्या आवडत्या नटाची पुरं एक मिनिट स्तुती करायची. अट एकच, त्या मिनिटात 'पण' हा शब्द यायचा नाही. आला की मिनिट पहिल्यापासून. ऐकायला सोपं वाटतं, करून बघावं. पहिल्या खेपेला तिला बाईसाहेबांसाठी सहा वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तो बाकावर पोट धरून हसत होता. महिन्याभराने दोघांचीही जीभ अशी वळली, की समोरचं माणूस नट असो नाहीतर गिऱ्हाईक, आधी त्यातलं चांगलं तेवढं दिसायला लागलं.

आणि रविवारी दुपारचा खेळ. थिएटरच्या जुन्या खुर्च्या करकरायच्या, पंखा डोक्यावर गरगरायचा. अंधारात तो तिच्या कानाशी कुजबुजायचा, "कल्ले बघ, डावा लांब." ती कुजबुजायची, "काळ्या चष्म्यात कॅमेरावाला दिसतोय." पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् करायचं. एकदा एका प्रसंगात दोघंही गप्प बसली, तिने बाजूला पाहिलं, तर त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते लपवावं असंही त्याला वाटत नव्हतं. तिला वाटलं, आपण ह्याच्या प्रेमात पडलोय. वाटलं कसलं, पडलीच होती.

गाडी अशी मजेत चालली होती. पण एक गोष्ट तिला टोचायला लागली.

कारकुनाबद्दलचा एक शोध तिने अजून कुणालाच सांगितला नव्हता, त्यालाही नाही. तो तिचा हुकमाचा पत्ता होता. कारकून प्रत्येक सिनेमात खोटं बोलायच्या आधी चष्मा काढतो. साहेबांशी, बायकोशी, न्यायाधीशांशी, कुणाशीही. चाळीस सिनेमांत एकदाही चुकला नाही. आणि का, तेही तिने शोधून काढलं होतं. चष्मा काढला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा न दिसला की खोटं बोलणं सोपं जातं. इतकं बारीक काम, आणि टीकाकारांना त्याचा पत्ता नाही!

आता तिसरी खुर्चीही तेच करत होता. इकडचं-तिकडचं बोलताना चष्मा नाकावर असायचा. पण "आज छान दिसतेस" म्हणायची वेळ आली, की चष्मा उतरायचा, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकायची, चेहरा पुढे यायचा आणि मग ते वाक्य. "तुझ्याशी बोललं नाही तर दिवस अळणी जातो." त्याआधीही चष्मा हातात. तिने मनाला समजावलं, सवय असेल. मग मोजायला लागली. सात वेळा गोड बोलला, सातही वेळा चष्मा उतरला.

त्यातच दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, एक दिवस तिला आत बोलावलं. "पोरी, डोंगराकडच्या गावात दुसरं दुकान काढतोय. तिथे नुसती नोकरी नाही, दुकान तूच सांभाळायचंस, पाटीवर नावही तुझं लावू. मला शनिवारी सांग." असं दुकान म्हणजे तिचं नऊ वर्षांचं स्वप्न. गाव इथून सहा तासांवर. जायचं हे तिचं जवळजवळ ठरलंच होतं. फक्त कुणाची वाट बघत जायचं की कायमचं आटोपून जायचं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं, आणि ते एका माणसाच्या तोंडून कळायला हवं होतं.

तिने त्याला बातमी दिली.  त्याचा हात वर गेला... चष्मा उतरला... कोपरं काउंटरवर आली.

"तू जायला हवंस," तो हळूच म्हणाला. "तुझ्याइतकं हे काम कुणाला येत नाही. आणि... तू गेल्यावर माझं काय होईल, ते मला विचारू नकोस. मला तू फार—"

"पुरे," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "माझ्याशी बोलायचं असेल तर निदान चष्मा घालून बोलत जा."

 त्याने चष्मा चढवला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती बाकावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ती आत्याकडे राहायची. लहानपणापासून आत्यानेच तिला सिनेमाला नेलं होतं, त्यामुळे ही सगळी कर्मकहाणी ऐकायचा हक्क आत्याचाच. आत्याने कपडे घडी करता करता सगळं ऐकलं आणि हातातला टॉवेल तसाच खाली ठेवला.

"म्हणजे सिनेमातल्या माणसावरून तू ह्या माणसाची परीक्षा घेतलीस?"

"आत्या, चाळीस सिनेमांत एकदाही—"

"चाळीस असू देत नाहीतर चारशे. तो कारकून पैसे घेऊन खोटं बोलतो, बाई. ह्याला कोण देतंय?" आणि टॉवेल पुन्हा उचलत म्हणाली, "विचार त्याला सरळ. तोंड दिलंय ना देवाने?"

विचारायचं कसं, ह्यातच शुक्रवार उजाडला. सकाळी काका दुकानात शिरले आणि तिच्या हातातला चष्माच खाली पडायचा राहिला. काकांचा उजवा कल्ला कानाच्या मध्यावर होता आणि डावा पार पाळीच्या खाली.

"हे कुणी केलं?"

"तिसऱ्या खुर्चीने. इतका चांगला हात त्याचा! पण आज काय झालं कुणास ठाऊक. एरवी चष्मा काढून ठेवतो आणि मगच कात्री उचलतो. मी म्हटलं, बाबा रे, काढ तो. तर म्हणाला, नाही काका, आता घालूनच ठेवायचा."

ती जागच्या जागी थिजली. प्रेमातली बाई एका बाजूला राहिली आणि नऊ वर्षांची चष्मेवाली जागी झाली. अडीच नंबरवाला जवळचं काम चष्मा काढून करतो, त्यात नवल नाही. पण चष्मा घातला म्हणून कुणी एक कल्ला बोटभर वर नेत नाही. काचा बरोबर असतील तर नाहीच नाही.

तिने रस्ता ओलांडला. तो रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून पांढरं फडकं झटकत होता, आणि चष्म्याखाली कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"डोकं दुखतं?" तिने विचारलं.

"थोडं."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

"ह्या बुधवारपासून?"

"नाही... त्या. तू चष्मा दिलास त्या."

"दोन महिने? आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार?" त्याने फडकं घडी घातलं, मोडलं, पुन्हा घडी घातलं. "हा चष्मा घातला की सगळ्याला दुसरी एक कड येते. अक्षरांना, कात्रीला... तुलाही. तुझ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की म्हणून काढून ठेवायचो आणि पुढे वाकायचो. हातभर अंतरावरून मला तू स्वच्छ दिसतेस. निदान तेव्हा तरी नीट दिसायला हवीस ना? आणि परत आणून दिला असता, तर तुझी चूक काकांसमोर आली असती."

तिने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "मला वाटलं, तू खोटं बोलतोयस."

"का पण?"

मग तिने हुकमाचा पत्ता टाकला. कारकून, खोटं, चष्मा, चाळीस सिनेमे, सगळं एका दमात. तो ऐकत गेला आणि त्याचे डोळे विस्फारत गेले.

"थांब, थांब. कोर्टातल्या सिनेमात साक्षीच्या आधी... काढतो! बायकोला पगार सांगताना... काढतो! अगं, हे तुला सापडलं कसं? एवढी वर्षं बघतोय आम्ही सगळे, एकाच्याही लक्षात आलं नाही!" तो तिच्यावर रागवायचं साफ विसरून गेला होता. मग एकदम आठवलं आणि त्याने कमरेवर हात ठेवले. "आणि त्यावरून तू मला खोटारडा ठरवलंस!"

"चल दुकानात. मला पुन्हा मोजू दे."

ह्या वेळी तिने त्याला भिंतीकडे बघायला लावलं आणि नजर अक्षरावर खिळली आहे ना, हे दोनदा तपासलं. पट्टीवर आकडा आला चौसष्ट. मग खणातून त्याचं जुनं कार्ड काढलं. तिचंच अक्षर, तिचीच सही, आणि आकडा एकोणसाठ.

"पाच मिलिमीटर चुकलं," तो कार्डात डोकावत म्हणाला. "तुझ्या हातून? कसं काय?"

 काकांना उत्तर द्यायला एक दिवस उरला होता, कान पुन्हा गरम झाले होते, आणि गंमत म्हणजे आता तिला पळून जावंसं वाटत नव्हतं.

"माणूस लांब बघत असला की बुबुळं समोर असतात," ती कार्डाकडे बघत म्हणाली. "अगदी जवळ बघायला लागला की ती एकमेकांकडे सरकतात. चौसष्टचे एकोणसाठ होतात. दुसऱ्या कशाने नाही होत." तिने मान वर केली. "मी भिंतीकडे बघ म्हटलं होतं. तू भिंतीकडे बघत नव्हतास."

"नव्हतोच," तो म्हणाला. "आणि तुला ते दिसत होतं?"

"पट्टी धरून समोर उभी होते मी. दिसणार नाही तर काय?"

"मग हटकलं का नाहीस?"

बाहेर एक सायकल घंटा वाजवत गेली. आतल्या खोलीत काका स्वतःचे कल्ले आरशात बघून सुस्कारे टाकत होते. तिने कार्ड त्याच्या हातात दिलं.

"कारण तू बघत होतास ते मला आवडलं होतं. पहिल्याच दिवशी. मला तू आवडतोस, समजलं? फार आवडतोस. नऊ वर्षांत एकही माप चुकलं नव्हतं माझं."

तो हसला नाही. कार्ड त्याने काळजीपूर्वक शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून, त्या दोन दोन कडांसकट तिच्याकडे बघत, स्वच्छ आवाजात म्हणाला, "मलाही तू. त्या दिवशी हेच सांगत होतो. वाक्य अर्धंच राहिलं होतं."

 तिने डोळे पुसले आणि मुद्द्यावर आली, कारण मुद्दा होताच.

"मी जाणार आहे. उद्या काकांना हो म्हणणार."

"म्हणायलाच हवं."

"सहा तास लागतात."

"ठाऊक आहे. परवाच चौकशी केली गाडीची."

"आणि ऐक... तिथे थिएटर नाहीये."

ह्यावर मात्र तो खरोखर गंभीर झाला. खुर्चीवर टेकला, हनुवटी चोळली, एकदा छताकडे आणि एकदा जमिनीकडे बघितलं.  सिनेमावेड्या माणसाकडे आपण काय मागतोय, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

"तिथल्या माणसांचे केस वाढतात ना?" त्याने विचारलं.

"वाढतात."

"मग झालं," तो म्हणाला. "एक खुर्ची कुठेही मावते."